निळू कोण?

नांदेडला काम सुरू केलं तेव्हा मी पाटी रंगवून घेतली होती, ‘वाचा व भाषा उपचार केंद्र’. पेंटरनं अक्षरं फार सुरेख काढली होती. पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ पाचवीतल्या मुलाचा दंड धरून आत आले. म्हणाले, “ह्याला पुस्तक हातात घेतलं की झोप येती. तुमच्याकडं वाचायला लावतात म्हणं.”

मी त्यांना बाहेर नेलं आणि पाटीखाली उभं राहून समजावलं, की ही वाचा म्हणजे वाणी, बोलणं. त्यांनी पाटीकडं पुन्हा एकदा निरखून पाहिलं. “मग तसं लिवा की,” म्हणाले आणि मुलाला घेऊन गेले.

मी पाटी बदलली. ‘स्पीच थेरपी’ लिहिलं. मग निवडणुकीला उभे राहू पाहणारे एक नेते पांढरे कपडे घालून आले. त्यांना स्पीच द्यायला शिकायचं होतं. तिसऱ्यांदा मात्र मी सरळ ‘बोलण्यातल्या अडचणींवर उपचार’ असं लिहिलं आणि तेव्हापासून योग्य माणसं येऊ लागली. त्यांत अडखळत बोलणारे होते, उशिरा बोलायला लागलेली मुलं होती, ऐकू न येणारी, टाळू फाटलेली लेकरं होती. आवाज गेलेले शिक्षक होते आणि अंगावरून वारं गेल्यावर ज्यांची बोलती बंद झाली अशी घरातली कर्ती माणसं होती.

या कामात औषधाची गोळी नाही, सुई नाही. समोरासमोर बसायचं, बोलायचं, बोलायला लावायचं. त्यामुळे पहिली काही वर्षं लोकांना वाटे की मॅडम नुसत्या गप्पा मारतात. “गोळी लिवून द्या ना एखादी,” असं म्हणणारे अजूनही भेटतात. मी मुंबईत शिकले तेव्हा आमच्या वर्गात मराठवाड्यातली मी एकटीच होते. परत आले ती कान-नाक-घशाच्या एका डॉक्टरांनी त्यांच्या दवाखान्यातली एक खोली दिली म्हणून. नांदेडला आठवडाभर बसायचं आणि मध्येच एसटीनं लातूरला जाऊन तिथल्या पेशंटांना बघायचं, असं कितीतरी वर्षं चाललं.

शिकताना वापरलेली साधनं इथं फारशी कामाची नव्हती. चित्रांच्या कार्डांवर बर्फाचा माणूस होता, पाव भाजायचं यंत्र होतं. एका आजोबांना ते यंत्र दाखवून “हे काय?” विचारलं, तर ते बराच वेळ बघून म्हणाले, “तुमालाच ठाऊक.” त्यांच्या खात्यात मी चूक धरायची की माझ्या, हा प्रश्न होता. मग मी आपली चित्रं स्वतः गोळा केली. खुरपं, पाटी, परात, म्हैस, सोयाबीनची रास, एसटी. आणखी एक गोष्ट इथंच शिकले. एक गुरुजी मुलीला घेऊन आले होते, का, तर ती ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणते. मी त्यांना म्हटलं, “गुरुजी, तुमच्या सौभाग्यवती काय म्हणतात?” ते हसले. बोली हा आजार नाही, हे सांगण्यात माझा अर्धा जन्म गेला.

लातूरच्या मार्केट यार्डातले सौदा पुकारणारे एक काका मला विसरता येत नाहीत. तुरीच्या ढिगाऱ्यापाशी उभं राहून दिवसभर भाव ओरडायचा, हा त्यांचा धंदा. ओरडून ओरडून स्वरतंतूंवर गाठी आल्या होत्या. आवाज फाटक्या पत्र्यासारखा. मी सांगितलं, “काका, काही दिवस अजिबात बोलायचं नाही. नंतर बोलायचं, पण ओरडायचं नाही.” त्यांनी खुणेनंच विचारलं, मग भाव कसा पुकारू? मी त्यांना पोटातून श्वास घेऊन, घसा न ताणता आवाज कसा काढायचा ते शिकवलं. मनात धास्ती होती, की यार्डातल्या त्या कल्ल्यात या माणसाचं काय होणार. पुढच्या खेपेला ते आले ते हसतच. म्हणाले, “मॅडम, मी हळू बोलायलो तर आता सगळे गप बसून ऐकायलेत. पहिल्यांदाच यार्डात शांतता हाय.”

पण मला आज सांगायचं आहे ते लक्ष्मीबाईंबद्दल. आणि त्यांच्या सुनेबद्दल, सुरेखाबद्दल.

हदगाव तालुक्यातल्या एका खेड्यातून सुरेखा सासूला घेऊन आली होती. लक्ष्मीबाईंचं वय साठीच्या आसपास असेल. कापूस वेचता वेचता वावरातच त्यांच्या अंगावरून वारं गेलं. नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात जीव वाचला, उजवा हात-पाय लुळा पडला, पण पाय हळूहळू धरू लागला होता. बोलणं मात्र गेलं होतं. सोबत एक दणकट, संकोचलेला माणूस होता. तो दाराशीच उभा राहिला.

“मॅडम, आत्याबाई बोलतात,” सुरेखा म्हणाली, “पण काय बोलतात ते कुणालाच कळंना. बडबड करून राहिल्यात. आन सारखं एकच, निळू, निळू. म्हणून ह्यांना आणलं.” तिनं दाराकडं हात केला. “हे निळकंठभाऊजी. चुलत पुतणे हायत त्यांचे. ह्यांना समदे निळू म्हणतेत.”

निळकंठची गावात पिठाची गिरणी होती. काकू आपल्याला बोलावते म्हटल्यावर तो रोज गिरणी बंद करून त्यांच्या खाटेशी येऊन बसत होता. “मी समोर गेलो की लईच चिडती,” तो म्हणाला. “परवा तर वाटी फेकून मारली. माझं काय चुकलं म्हणून मी पाया पडलो. तरी निळू निळूच.”

गावात लोक काय काय बोलायला लागले होते. कुणी म्हणालं, बाधा झाली. कुणी म्हणालं, निळकंठनं काही तरी केलंय म्हणून म्हातारी त्याचं नाव घेती. एका जाणत्याकडून दोराही बांधून झाला होता. सुरेखाचा नवरा, प्रकाश, पुण्याकडं कंपनीत होता. आईच्या आजारपणात येऊन, रजा संपली म्हणून परत गेला होता. तो होता तोवर त्या अगदीच मुक्या होत्या. ही बडबड नंतर सुरू झाली. घर, शेत, सासू आणि गावाची तोंडं, सगळं सुरेखाच सांभाळत होती.

मेंदूतला बोलण्याचा भाग दुखावला की जे होतं त्याला आम्ही वाचाघात म्हणतो. माणूस वेडा झालेला नसतो. त्याला माणसं ओळखू येतात, काय म्हणायचं ते मनात असतं, पण शब्द सापडत नाही, किंवा सापडतो तो भलताच. काही जण अर्थ नसलेले आवाज सलग काढत राहतात. लक्ष्मीबाईंचं तसंच असेल, असं मी आधी धरून चालले.

मी त्यांच्यासमोर चित्रं मांडली. त्यांनी डाव्या हातानं ती बाजूला सारली. घाम आला होता, ओठ कोरडे होते. नजर माझ्यावर रोखून त्या म्हणाल्या, “नीळ्ळु.” मी ऐकत राहिले. त्यांनी चित्रांमधून माठाचं चित्र उचललं, माझ्या तोंडासमोर धरलं आणि रागानं पुन्हा म्हणाल्या, “नीळ्ळु!”

आमच्या नांदेडच्या गल्लीत विणकरांची पद्मशाली घरं होती. लहानपणी मी त्यांच्या अंगणात खेळले आहे. त्यांच्या घरात गेलं की पहिला शब्द कानावर पडे तो हाच.

“सुरेखा,” मी विचारलं, “लक्ष्मीबाईंचं माहेर कुठलं?”

“तिकडं निर्मलच्या पल्याड. मामंजी जवानीत तिकडं कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, तिकडूनच करून आणलं त्यांना. का?”

“घरात तेलगू बोलतात त्या?”

“छ्या. मी लग्न होऊन आल्यापासून एक शब्द ऐकला न्हाई. आत्याबाई आमच्यापेक्षा पक्क्या मराठी.”

“सुरेखा, त्या पाणी मागतायत,” मी म्हणाले. “नीळ्ळु म्हणजे पाणी.”

सुरेखानं तोंडावर पदर धरला. निळकंठ भिंतीला टेकला. मी लक्ष्मीबाईंना ताठ बसवलं, मान जराशी खाली घ्यायला लावली आणि चमच्या-चमच्यानं पाणी दिलं. लकवा झालेल्या माणसाला पाणी घटाघट पाजायचं नसतं, ते श्वासनळीत जाऊ शकतं. गिळायला शिकवणं हेही आमचंच काम. घरी त्यांना पाणी मिळत होतं, पण ते इतरांच्या वेळेनं. त्यांना हवं तेव्हा समोर येत होता तो निळकंठ.

सुरेखाकडं मामांचा, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या भावाचा नंबर होता. तिनं तिथूनच फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडून म्हातारा आवाज आला, “अक्का?” लक्ष्मीबाईंनी मान वर केली. मग त्या बोलू लागल्या. अडखळत, तुकड्या-तुकड्यानं, मध्येच शब्द हरवून, पण थांबेनात. पलीकडं मामा रडत होते. बऱ्याच वेळानं ते त्यांच्या मोडक्या मराठीत म्हणाले, “शब्द शब्द बोलतंय, पण कळतंय. म्हैस कशी हाय विचारतंय. सुरेखाला काम लई पडतंय म्हणतंय. आणि एक मनिषी, एक माणूस रोज आणून उभा करतेत म्हणतंय. त्याला काम नाही का, म्हणतंय. त्याला घरी पाठवा.”

आम्ही सगळे हसलो. निळकंठ सगळ्यांत जास्त हसला आणि हसता हसता डोळे पुसायला बाहेर गेला. त्या माणसाचं मला कौतुक वाटतं. संशय अंगावर घेऊनही तो रोज शिव्या खायला जाऊन बसत होता.

दोन भाषा येणाऱ्या माणसाला वाचाघात झाला, तर कधी दोन्ही भाषा सारख्याच जातात, कधी एक मागं राहते. कोणती राहील ते आधी सांगता येत नाही. लक्ष्मीबाईंची चाळीसेक वर्षांची मराठी गेली होती आणि आईच्या घरची तेलगू राहिली होती. उपचार तेलगूतून सुरू करून मग मराठीकडं यायला हवं होतं. अडचण एवढीच, की मला तेलगूतले मोजकेच शब्द येत होते आणि या दोन्ही जिल्ह्यांत तेव्हा या कामाची दुसरी माणसं शोधावी लागत. हैदराबादला पाठवणं त्या घराला झेपणारं नव्हतं.

मी सुरेखाला हे सांगितलं. ती म्हणाली, “मी शिकते ना. मला दहावीला इंग्रजी आली, हे तर आत्याबाईंचं बोलणं हाय.”

मला वाटलं, बोलायला ठीक आहे. पुढच्या खेपेला आली तेव्हा तिच्या मोबाइलमध्ये घरातल्या वस्तूंचे फोटो होते. चूल, तवा, खाट, गोठा, म्हैस, चादर. प्रत्येक फोटो तिनं मामांच्या नातीला पाठवला होता आणि त्या मुलीनं प्रत्येकाचं तेलगू नाव बोलून पाठवलं होतं. सुरेखा कापूस वेचताना कानात इअरफोन घालून ते ऐकत असे. बायका तिला चिडवत, गाणी ऐकून राहिली म्हणून. ऐकताना ती मोठ्यानं म्हणूनही बघायची.

मी तिला तंत्र शिकवलं. शब्द आपण सांगून टाकायचा नाही. आधी वस्तू हातात द्यायची, थांबायचं. नाही आला तर पहिला आवाज द्यायचा, पुन्हा थांबायचं. थांबणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यांत अवघड काम. घरच्या माणसाला दया येते आणि तो शब्द पुरवून टाकतो. सुरेखा थांबायची. लक्ष्मीबाई चिडायच्या, रडायच्या, सुरेखा हातातला तवा धरून शांत बसून राहायची. शब्द आला, की सुरेखा तो पुन्हा म्हणायची, तिचे उच्चार चुकायचे आणि लक्ष्मीबाई ते दुरुस्त करायच्या. हे मी कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं. पेशंट शिक्षक झाला होता आणि शिकवता शिकवता त्याची भाषा सुधारत होती. सुनेचा ‘ळ’ नीट लागला नाही, की सासूच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत न दिसलेला जुना रुबाब यायचा.

ओकटि, रेंडु, मूडु असे आकडे आधी सलग आले. मग माहेरच्या माणसांची नावं. मग छोटी वाक्यं. दिवाळीनंतर आम्ही तेलगू शब्दाला मराठी शब्द जोडायला लागलो. ती वाट फारच चढाची होती.

एकदा प्रकाश रजा काढून आला आणि आईला घेऊन दवाखान्यात आला. सुरेखा लक्ष्मीबाईंशी तेलगूत बोलत होती, काम चालू होतं. प्रकाश थोडा वेळ ऐकत बसला आणि उठून बाहेर गेला. मी पाठोपाठ गेले. तो जिन्यावर बसला होता.

“मॅडम, तुम्ही सुरेखाला विचारलं, घरात तेलगू बोलतात का. ती न्हाई म्हणली. का न्हाई, ते मला ठाऊक हाय,” तो म्हणाला. “मी हदगावला शाळेत होतो. एकदा माय डबा घेऊन आली आणि गेटातून तिच्या भाषेत हाका मारल्या. पोरांनी मला तेलंग्या, तेलंग्या करून हैराण केलं. मी घरी येऊन भांडलो. म्हणलं, माझ्यासमोर हे असलं बोलायचं न्हाई. त्या दिवसापासून ती बोलली न्हाई. कामाच्या नादात गाणं म्हणायची, तेबी बंद केलं. आणि आता तिच्याकडं तेवढंच राहिलंय.”

“शिकला असशील थोडी लहानपणी,” मी म्हणाले. “आता बोल तिच्याशी.”

“तोंडातून निघत न्हाई मॅडम.”

मी त्याला आग्रह केला नाही. तो परत पुण्याला गेला.

सुरेखा मात्र येत राहिली. माझ्या दवाखान्याबाहेर बाकावर वाट बघत बसलेल्या बायकांशी ती बोलायची. कुणाचा नवरा मुका झालेला, कुणाचं लेकरू. “त्यांच्या आधी तुम्ही बोलू नका,” असं ती त्यांना सांगताना मी आतून ऐकलं. तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की या कामाला पदवी घेतलेली माणसं पुरेशी यायला अजून कितीतरी वर्षं लागणार. तोवर घरच्या माणसाला निम्मा थेरपिस्ट करण्यावाचून गत्यंतर नाही. मी लोकांना म्हणत असे, “घरी सराव करून घ्या.” पण सराव म्हणजे काय, हे त्यांच्यासारख्याच बाईनं त्यांच्या शब्दांत सांगायला हवं होतं.

हदगावच्या बाजाराच्या दिवशी शाळेचा एक वर्ग आम्हाला मिळाला. बाजाराला येणारी माणसं आपापल्या पेशंटला जीपमध्ये घालून आणू लागली. मी महिन्यातून एकदा जायचे, एरवी सुरेखा घ्यायची. काय करायचं आणि काय करायचं नाही, याची हद्द ती काटेकोर पाळायची. लहान मुलाला ऐकू येत नसेल, कुणाला गिळताना ठसका लागत असेल, तर “हे माझं काम न्हाई, मॅडमकडं जा” म्हणून थेट नांदेडला पाठवायची. वर्गात लक्ष्मीबाई खुर्चीवर बसलेल्या असायच्या. नवीन आलेला माणूस लाजून गप्प बसला, की त्या त्याच्याकडं बघून तेलगूत आकडे मोजायला लागायच्या. समोरचा चक्रावून जायचा आणि मराठीत मोजू लागायचा.

पुढं लातूरला हाच प्रकार सुरू झाला. किल्लारीकडच्या एका लेकराची आजी आणि बाजारातली एक चहावाली असा तिथला पहिला गट होता. शिरूर अनंतपाळची एक मुलगी माझ्याकडं शिकाऊ म्हणून आली होती, ती रीतसर पदवी घेऊन आता लातूरला बसते आणि माझ्यापेक्षा चांगलं काम करते. तिच्या दवाखान्यात जातात तेव्हा लोकांना पाटीचा अर्थ विचारावा लागत नाही. मला एक खंत मात्र आहे. लक्ष्मीबाईंसारखे कितीतरी लोक माझ्यापर्यंत आलेच नाहीत. कुणाच्या तरी ओसरीवर ते अजूनही काहीतरी मागत असतील आणि घरचे भलतंच आणून पुढं करत असतील.

लक्ष्मीबाईंची मराठी पूर्ण परत आली नाही. सुटे शब्द आले, नावं आली, हो-न्हाई आलं. वाक्य काही जुळत नव्हतं. मी सुरेखाला सांगितलंही, की यापुढं फार आशा धरू नकोस, आहे ते टिकवू. ती म्हणाली, “टिकवू. पण बोलत तर राहू.”

गेल्या उन्हाळ्यात हदगावचा वर्ग आटोपून मी त्यांच्या घरी गेले. सुरेखानं आग्रहच केला होता. लक्ष्मीबाई ओसरीत खाटेवर बसल्या होत्या, डाव्या हातानं शेंगा फोडत होत्या. आम्ही बोलत असतानाच प्रकाश आला. पुण्याहून आलेल्या एसटीतून उतरून तसाच, खांद्याला बॅग, तोंडावर धूळ. त्यानं मला नमस्कार केला, बॅग खाली ठेवली आणि खाटेच्या कडेला आईजवळ बसला. बराच वेळ तो शेंगांच्या टोपलीकडंच बघत होता. मग घसा खाकरला. वाक्य त्यानं वाटेतच पाठ केलं असावं.

“अम्मा,” तो म्हणाला, “अन्नं तिन्नवा?”

लक्ष्मीबाईंचा हात थांबला. सुरेखा दारात उभी होती. लक्ष्मीबाईंनी लेकाकडं पाहिलं. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. मी इतकी वर्षं लोकांना थांबायला शिकवलं, पण त्या क्षणी मलाच थांबवत नव्हतं. तो शब्द मी पुढं करावा असं वाटत होतं.

“जेवले,” त्या म्हणाल्या. मग दमानं एकेक शब्द गोळा करत त्या म्हणाल्या, “तू... जेवला का रं?”

प्रकाशनं नकारार्थी मान हलवली. सुरेखा ताट वाढायला आत गेली.